विश्लेषण : घोड्याचा नाल तापवून बसवावा की थंडच? चांगली नालबंदी नेमकी कशात असते?

माथेरानला निघालेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे वाहनबंदी असल्याने अनेक पर्यटक आणि बरेचसे सामान घोड्याच्या पाठीवरून वर जाते. त्या घोड्याच्या चार पायांखाली चार लोखंडी नाल असतात आणि प्रत्येक नालात सहा ते आठ खिळे. त्यातला एक खिळा दोन-तीन मिलिमीटर आत सरकला, तरी घोडा लंगडू लागतो. घोडा लंगडला की मालकाची त्या दिवशीची आणि अनेकदा पुढच्या पंधरवड्याची कमाई बुडते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा घोडा असो वा वरातीतली घोडी, पायाचे हे गणित सगळ्यांना सारखेच लागू आहे. नाल ठोकण्याच्या या कामात एक वाद फार जुना आहे. नाल भट्टीत तापवून खुराला लावून पाहावा की थंडच ठोकावा? ब्रिटनसारख्या देशांत गरम नालबंदीला मान आहे, आपल्याकडे बहुतेक काम थंडच होते. मग आपले घोडे कमी प्रतीच्या कामावर चालतात असे म्हणायचे का?

घोड्याला नाल लागतो कशाला?

मोकळ्या माळावर फिरणाऱ्या घोड्याला नालाची गरज पडत नाही. त्याचा खूर जितका झिजतो, तितकाच वाढतो. पण त्याच घोड्याला डांबरी रस्त्यावर, खडकाळ वाटेवर, पाठीवर ओझे घेऊन रोज चालवले की झीज वाढीच्या पुढे जाते. खूर तळापर्यंत घासला जातो आणि घोडा जमिनीला पाय टेकताना कचरू लागतो. नाल ही झीज स्वतःवर घेतो. त्याचा मुख्य उपयोग एवढाच. बाकी पकड वाढवणे, दुखऱ्या भागावरचा भार हलवणे, चालीतला दोष सांभाळणे हे त्यावरचे काम.

घोडदळावर उभ्या राहिलेल्या राज्याला हे वेगळे सांगायची गरज नव्हती. मोहिमेवर निघण्याआधी शिलेदाराला घोडे सज्ज करण्यासाठी जी आगाऊ रक्कम मिळे, तिला मराठी दफ्तरांत ‘नालबंदी’ असेच नाव आहे. ‘नालबंद’ हे आडनाव महाराष्ट्रात आणि कर्नाटकात आजही आढळते.

खुराच्या आत काय असते?

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. आपली नखे ज्या केराटिनची बनतात, त्याच पदार्थाची खुराची भिंत बनते. ती वरून, केसांच्या रेषेपासून खाली वाढत येते. वेग महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. म्हणजे पुढच्या टोकाची संपूर्ण भिंत नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते. आज कानशीने चुकून जास्त घासलेला खूर पूर्ववत व्हायला इतका काळ जातो, हे नालबंदीच्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भिंतीच्या बाहेरच्या भागात संवेदना नसते. तिथे खिळा ठोकला तरी घोड्याला काही जाणवत नाही, जसे आपल्याला वाढलेले नख कापताना जाणवत नाही. मात्र त्याच्या आत जिव्हाळी असते. पातळ पापुद्र्यांची एकमेकांत गुंतलेली, रक्ताने भरलेली ही घडण खुराच्या आतल्या हाडाला भिंतीशी बांधून ठेवते. घोड्याचे सगळे वजन या पापुद्र्यांना टांगलेले असते, असे म्हटले तरी चालेल. पाय उलटा करून पाहिला तर भिंत आणि तळवा यांच्या मधोमध एक फिकट, पिवळसर रेषा दिसते. हिला ‘पांढरी रेषा’ म्हणतात. नालबंदासाठी ही रेषा म्हणजे सीमा. खिळा तिच्या बाहेरच्या कडेला शिरला पाहिजे आणि बाहेरच्या बाजूला वळत वर आला पाहिजे.

तळव्याच्या मागच्या भागात त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग असतो. त्याला इंग्रजीत फ्रॉग म्हणतात. पाय जमिनीवर पडला की खुराचा टाचेकडचा भाग किंचित फाकतो, उचलला की पुन्हा जवळ येतो. भरधाव धावताना एका पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो आणि तो पेलण्यात या फाकण्याचा मोठा वाटा असतो. म्हणूनच खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे, टाचेकडे, सहसा खिळे ठोकत नाहीत. तिथे खिळे मारले की खूर लोखंडाला जखडला जातो.

गरम नालबंदीत काय करतात?

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. गरम नालबंदीत लालबुंद नाल खुरावर ठेवून खिळे ठोकत नाहीत. नाल ठोकताना तो थंडच असतो. गरम असतो तो फक्त घडवताना आणि लावून पाहताना.

नालबंद आधी जुना नाल काढतो, वाढलेला खूर कापतो, कानशीने तळ सपाट करतो. मग नाल भट्टीत तापवून ऐरणीवर त्या खुराच्या आकाराचा करतो. पूर्वी भट्टी कोळशाची असे, आता परदेशात गाडीच्या मागे बसवलेली गॅसची भट्टी सर्रास दिसते. आकार जमला की लाली विझत आलेला नाल अणकुचीदार सळईने उचलून खुराच्या तळाला काही सेकंद टेकवला जातो. दाट पिवळट धूर निघतो आणि केस जळाल्यासारखा वास सुटतो. घोड्याला वेदना होत नाहीत, कारण खुराचे शिंगासारखे द्रव्य उष्णता सहजासहजी आत जाऊ देत नाही.

नाल उचलल्यावर खुरावर तपकिरी-काळा ठसा उमटलेला असतो. गरम पद्धतीचा सगळा फायदा या ठशात आहे. जिथे खूर उंच राहिला तिथे ठसा गडद, जिथे नाल टेकलाच नाही तिथे खूर कोराच. नालबंद ठसा वाचतो, उंच भागावर कानस फिरवतो, गरज पडली तर नाल पुन्हा ऐरणीवर नेतो. नाल आणि खूर यांच्यात फट राहू नये, यासाठी डोळ्यांपेक्षा हा ठसा अधिक भरवशाचा. जुळणी झाली की नाल पाण्यात बुडवून थंड करायचा आणि मगच खिळे ठोकायचे.

नालाच्या पुढच्या कडेला किंवा बाजूंना वर वळवलेला लहान कान असतो. तो नालाला मागे-बाजूला सरकू देत नाही. गरम नालाचा हा कान खुरात स्वतःची जागा स्वतः जाळून घेतो आणि चपखल बसतो. थंड कामात तीच खाच सुरीने किंवा कानशीने काढावी लागते.

जळाल्यामुळे खुराची सूक्ष्म छिद्रे बंद होतात, ओल कमी शिरते, जंतू मरतात, असेही गरम पद्धतीचे पुरस्कर्ते सांगतात. ठशाचा फायदा जितका निर्विवाद, तितके हे फायदे नाहीत. शिवाय धोकाही आहेच. तळवा पातळ असेल आणि नाल जास्त वेळ दाबून धरला, तर उष्णता जिव्हाळीपर्यंत पोहोचू शकते. आणखी एक वाईट सवय म्हणजे खूर नीट सपाट न करता तापलेला नाल दाबून धरायचा आणि उंचसखलपणा जाळून टाकायचा. जुळणी उत्तम दिसते, पण ती कापण्यातली चूक झाकणारी जुळणी असते.

थंड नालबंदीला दुय्यम का मानतात?

थंड पद्धतीत तयार नाल घेतात, ऐरणीवर हातोड्याने शक्य तितका वळवतात आणि ठोकतात. भट्टी नाही, धूर नाही, इंधनाचा खर्च नाही. धुराला बिचकणाऱ्या घोड्यासाठी हीच पद्धत सोयीची. दुय्यमपणाचा शिक्का बसतो तो एका कारणाने. थंड लोखंड हट्टी असते. ते मनासारखे वळत नाही, तेव्हा नालबंद नाल बदलण्याऐवजी खूर बदलायला जातो.

या पद्धतीला बळ मिळाले ते यंत्राने बनवलेल्या नालांमुळे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय शहरात हेन्री बर्डन या लोखंड कारखानदाराने १८३५ मध्ये नाल बनवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे त्याच्या सुधारित यंत्रातून मिनिटाला ६० नाल बाहेर पडू लागले आणि अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला ते मोठ्या प्रमाणावर पुरवले गेले. तोवर लोहाराने एकेक नाल पट्टीतून घडवायचा असे. आता मापाप्रमाणे नाल पोत्यात मिळू लागले. मोहिमेवरच्या सैन्याला भट्टी पेटवत बसणे परवडणारे नसते, त्यामुळे तयार नाल थंडच ठोकणे ही त्यांची गरजच होती.

महाराष्ट्रातील ग्रामीण वाचकांनी थंड कामाचा दुसरा नमुना पाहिलेला असतो, तो बैलाचा. आठवडी बाजारात किंवा ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी बैलाला दोरीने पाडून, पाय बांधून पत्री ठोकतात. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने एका पायाला दोन, चार पायांना आठ पत्र्या. पत्री पातळ, खुराची भिंतही घोड्यापेक्षा पातळ, त्यामुळे तिथे भट्टीचा प्रश्नच येत नाही. डांबरी रस्त्याने कारखान्यापर्यंत उसाची गाडी ओढणारा बैल या थंड पत्र्यांवरच चालतो.

आणि श्रीमंतांच्या खेळातही थंड कामच चालते. शर्यतीच्या घोड्यांना धावण्यासाठी ॲल्युमिनियमचे हलके नाल लावतात. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळण्याआधी लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही. भट्टीत क्षणभर जास्त राहिले की नालाचा गोळा होतो. त्यामुळे हे नाल बहुतेक थंडच वळवतात. ज्या घोड्याची भिंत खिळे धरण्याइतकी मजबूत नाही, त्याला तर नाल चिकटवतातही. २००८ ची केंटकी डर्बी जिंकणारा बिग ब्राऊन हा घोडा असे चिकटवलेले नाल घालून धावला होता. तेव्हा महागडा घोडा म्हणजे गरम नाल, हे समीकरण काही खरे नाही.

मग भट्टी लागतेच कुठे?

जाड लोखंड थंड असताना नीट वळत नाही. शायर किंवा क्लाइड्सडेलसारख्या ओझे ओढणाऱ्या अवाढव्य जातींचे नाल तापवल्याशिवाय घडवणे व्यवहार्य नसते. दुखऱ्या पायासाठीचे खास नाल, उदाहरणार्थ टाचेकडची दोन्ही टोके पट्टीने जोडलेला नाल, भट्टीवरच होतात. वाकडा, फुटलेला, एका बाजूला कललेला खूर असेल तर त्याच्या मापाचा नाल कुठल्याच पोत्यात सापडत नाही. तो घडवावा लागतो. भट्टी असलेल्या नालबंदाकडे पर्याय जास्त असतात, एवढा फायदा मान्य करायला हवा. निरोगी, सरळ पायाच्या घोड्याला योग्य मापाचा नाल थंड ठोकला, तर त्यात उणे काही नाही.

चांगले काम आणि वाईट काम कुठे वेगळे होते?

नाल हातात घेण्याआधी. निम्म्याहून अधिक नालबंदी खूर कापण्यातच होऊन गेलेली असते. घोडा आधी सपाट जागेवर उभा करून आणि चालवून पाहायचा असतो. पाय जमिनीवर दोन्ही बाजूंनी एकदम पडतो की आधी एका बाजूवर? बाजूने पाहिल्यावर खुराच्या पुढच्या भिंतीची रेषा आणि तिच्या वरच्या तिरक्या हाडाची रेषा एका ओळीत आहेत की मधे मोडल्या आहेत? जुना नाल कुठे जास्त झिजला आहे? हे न पाहता थेट पाय उचलणारा नालबंद कितीही चपळ असला, तरी तो अंदाजानेच कापतो.

सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे पुढे लांबलेला खूर आणि खाली बसलेली टाच. पुढचे टोक लांबले की पाय उचलताना ते तरफेसारखे काम करते. प्रत्येक पावलाला पायाच्या मागच्या शिरांवर आणि खुरातल्या लहान हाडावर जादा ताण येतो. एका पावलाचा ताण किरकोळ, पण दिवसभर चढ-उतार करणाऱ्या घोड्याची पावले हजारोंनी मोजावी लागतात. घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे हा दोष पुढच्या पायांना आधी भोवतो. खुराचा एक ठरावीक कोन सगळ्या घोड्यांना लावणे हीसुद्धा चूकच. प्रत्येक घोड्याचा कोन त्याच्या स्वतःच्या हाडांवरून ठरतो.

दुसरी चूक अधिक फसवी असते. नाल खुरापेक्षा लहान पडतो. नालबंदाच्या पिशवीत मोठा नाल नसतो, किंवा असलेला वळवण्याचा कंटाळा येतो. मग नाल ठोकून झाल्यावर पुढे उरलेला खूर कानशीने घासून नालाच्या कडेला आणला जातो. काम झाल्यावर पाय अतिशय सुबक दिसतो. पण भिंतीचा बाहेरचा मजबूत थर निघून गेलेला असतो, पुढच्या वेळी खिळे धरायला पुरेशी भिंत उरत नाही, आणि दर खेपेला खूर आणखी थोडा लहान होतो. नाल खुराला बेतायचा असतो, इथे खूर नालाला बेतलेला असतो. भारत आणि पाकिस्तानात ओझ्याच्या व गाडीच्या घोड्या-गाढवांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत पायाचे दोष आणि लंगडणे फार मोठ्या प्रमाणात आढळले आहे. त्यामागे ओझे, रस्ते, खाद्य अशी अनेक कारणे आहेत, आणि ओबडधोबड नालबंदी हे त्यातले एक.

टाचेकडे आखूड नाल ठोकण्यामागे नालबंदाची एक अडचणही असते. ती समजून घेतली पाहिजे. नालाची टोके टाचेला पूर्ण आधार देतील इतकी मागे असावीत, हे त्याला माहीत असते. पण तशा नालावर घोड्याचा मागचा पाय पडून तो उपटला जाण्याची शक्यता वाढते. नाल पडला की मालक म्हणतो, काम कच्चे झाले. आखूड नाल पडत नाही, मालक खूश राहतो, आणि आधार नसलेली टाच महिनोन्महिने खाली बसत जाते. तिचे बिल कुणाच्या नावावर येत नाही.

खिळा चुकला तर काय होते?

नालाचा खिळा साधा नसतो. त्याच्या टोकाला एका बाजूने उतार दिलेला असतो, त्यामुळे आत शिरताना तो बाहेरच्या दिशेने वळतो. उताराची बाजू आत ठेवायची. हाच खिळा उलटा धरला तर तो जिव्हाळीकडे वळेल. नीट ठोकलेला खिळा भिंतीतून साधारण एक तृतीयांश उंचीवर बाहेर येतो. त्याचे टोक मोडून उरलेला भाग खाली वळवून भिंतीवर सपाट बसवतात.

मुरलेला नालबंद हे काम बरेचसे कानाने करतो. घट्ट भिंतीत शिरणाऱ्या खिळ्याचा आवाज दर ठोक्याला चढत जातो. आवाज बसका येऊ लागला की खिळा मऊ भागाकडे चालला असे समजून हात थांबतो. खिळा थेट जिव्हाळीत घुसला तर घोडा तिथेच पाय झटकतो, कधी छिद्रातून रक्त येते. तो प्रकार निदान लगेच कळतो. अधिक त्रास देतो तो जिव्हाळीच्या अगदी जवळून गेलेला खिळा. त्या दिवशी घोडा ठीक चालतो. दोन-चार दिवसांनी दाबामुळे तो लंगडू लागतो, खूर गरम लागतो, आत पू धरू शकतो. तोवर नालबंद पुढच्या गावी गेलेला असतो आणि मालक खांद्याला मालीश करत बसतो. नाल मारल्यानंतर आठवडाभरात घोडा लंगडला तर पहिला संशय खिळ्यावरच घ्यावा आणि पशुवैद्याला बोलवावे. धनुर्वाताचा धोका घोड्यांना फार असतो, म्हणून लस चुकवू नये.

मालकाने काय पाहावे?

काम झाल्यावर घोडा कडक, सपाट जमिनीवर चालवून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा. नाल मारण्याआधी नीट चालणारा घोडा नंतर डोके खाली-वर करत चालत असेल, तर काहीतरी बिघडले आहे. पाय उचलून पाहिला तर नाल आणि खूर यांच्यामध्ये उजेड दिसू नये. वळवलेल्या खिळ्यांची टोके एका सरळ रेषेत आणि फार खाली नसावीत. खाली असली म्हणजे खिळ्याने पुरेशी भिंत धरलेली नाही. भिंतीवर वरपासून खालपर्यंत कानशीचे ओरखडे असतील, तर ती सफाई घोड्याला महागात पडणारी आहे. पुढच्या पायाचा खूर गोलसर, मागच्याचा पुढे निमुळता असतो. चारही पायांना एकाच आकाराचे नाल ठोकलेले दिसले, तर नालबंदाने ऐरण वापरलेलीच नाही.

आणि मुदत. चार ते सहा आठवड्यांनी खूर कापून घ्यायलाच हवा, नाल झिजलेला असो वा नसो. काटकसरीने नाल गळून पडेपर्यंत चालवला, तर खूर पुढे वाढतो आणि नालाला सोबत पुढे नेतो. टाचेखाली असलेली त्याची टोके मग तळव्यात रुततात. नाल चांगला असेल तर तो काढून, खूर कापून, नवे खिळे मारून पुन्हा बसवता येतो. पैसे वाचवायचे तर ते इथे वाचतात, मुदत लांबवण्यात वाचत नाहीत.

नालबंदाला परवाना लागतो का?

ब्रिटनमध्ये लागतो. अकुशल माणसांच्या हातून घोड्यांना होणारा त्रास टळावा, या उद्देशाने तिथे १९७५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. चार वर्षांच्या आसपास उमेदवारी, परीक्षा आणि नोंदणी झाल्याशिवाय नाल ठोकणे हा तिथे गुन्हा आहे. पशुवैद्य आणि शिकाऊ उमेदवारांना सवलत आहे. स्वतःच्या घोड्यालाही मालकाला नाल मारता येत नाही. भट्टीवर नाल घडवणे हा परीक्षेचा भाग असल्याने तिथला प्रत्येक नोंदणीकृत नालबंद गरम काम शिकलेलाच असतो. अमेरिकेत मात्र असा देशव्यापी परवाना नाही. तिथल्या नालबंदांच्या संघटनेची प्रमाणपत्रे आहेत, पण ती ऐच्छिक.

भारतात नागरी क्षेत्रात अशी कोणतीही अट नाही. लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये नालबंद हे स्वतंत्र पद आहे आणि तिच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षण मिळते. डोंगरी ठाण्यांवर रसद नेणाऱ्या खेचरांचे पाय त्यांच्या हातात असतात. रेसकोर्सवर आणि घोडेपैदास केंद्रांवर जाणकार नालबंद आहेत. ‘ब्रुक’सारख्या संस्था वीटभट्ट्यांवरच्या आणि टांग्यांच्या घोड्यांसाठी स्थानिक नालबंदांना शिकवतात. बाकी सारी विद्या बापाकडून मुलाकडे.

ही साखळी आता विरळ होते आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील घोडे आणि तट्टांची संख्या सुमारे ३ लाख ४० हजार होती, २०१२ च्या तुलनेत ती ४५ टक्क्यांहून अधिक घटली. घोडे कमी झाले की नालबंदाची गिऱ्हाइके विखुरतात. एका घोड्यासाठी पन्नास किलोमीटर जाणे त्याला परवडत नाही आणि मुलाला हा धंदा नकोसा वाटतो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी देशभरातून घोडे येतात, त्यांच्या उंचीची, रंगाची, चालीची आणि किमतीची चर्चा होते. पण घोडा घरी नेल्यावर दर सहा आठवड्यांनी त्याचे पाय कोण पाहणार, हा प्रश्न नव्या हौशी मालकाला बऱ्याचदा पहिला नाल सैल झाल्यावरच पडतो.

माथेरानचे काय?

तिथे प्रश्न नालाइतकाच रस्त्याचाही आहे. लाल मातीच्या वाटेवर लोखंडी नाल थोडा रुततो आणि पकड मिळते. गुळगुळीत, ओल्या पृष्ठभागावर तोच नाल घसरतो. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर घोडे घसरतात, अशी अश्वपालकांची तक्रार होती आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक बसवण्यास मुभा दिली, अंतर्गत रस्ते आणि पायवाटांवर मात्र ते बसवण्यास मनाई केली.

घसरण्यावर नालबंदाकडे काही उपाय असतात. टंगस्टन कार्बाइडचे कठीण टोक असलेले खिळे वापरता येतात, नालावर त्याचे ठिपके जोडता येतात. पण पकड फार वाढवली तर पाय जमिनीवर पडताना जो किंचित सरकायला हवा तो सरकत नाही आणि धक्का थेट सांध्यांत जातो. त्यामुळे चढाच्या वाटेवर रोज चालणाऱ्या घोड्याला एक-दोन खिळे असे, बाकी साधे, असा मध्यम मार्ग काढावा लागतो. पावसाळ्यात त्यात ओलीची भर पडते. सतत भिजलेला खूर मऊ होतो, खिळ्यांची छिद्रे रुंदावतात, फ्रॉगच्या खाचांत कुजून दुर्गंधी येऊ लागते. अशा दिवसांत रोज संध्याकाळी पाय उचलून, खाचा साफ करून, वळवलेल्या खिळ्यांवरून बोट फिरवून पाहायला पाच मिनिटे लागतात. बोटाला खिळ्याचे टोक उचललेले लागले, तर दुसऱ्या दिवशी घोडा दस्तुरी नाक्यावर न नेता आधी नालबंदाकडे न्यावा लागतो.